टाकलं म्हणून आलं, की येणारच होतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. नाशिकला टेरेसवर पस्तीसेक कुंड्या आहेत, मेच्या शेवटी नर्सरीवाल्याने 'सीवीड प्लस ह्युमिक' असं लिहिलेली अडीचशे मिलीची बाटली साडेचारशेला दिली, तुम्ही दर आठवड्याला लिटरला दोन मिली टाकून सगळ्या कुंड्यांना ती दिली, आणि जून संपता संपता जास्वंद, मिरची, कढीपत्ता सगळंच तरारून आलं. मिस्टर म्हणतात पावसाने आलं, तुम्ही म्हणता बाटलीने आलं, आणि आता एक लिटरचा कॅन घ्यावा का असं विचारताय. मोगऱ्याला एप्सम सॉल्ट टाकू का हेही विचारलंय, ते शेवटी सांगतो.

तर सरळ सांगायचं तर मिस्टर बरोबर असायची शक्यता जास्त आहे, पण सिद्ध त्यांनाही करता येणार नाही आणि तुम्हालाही नाही, कारण तुम्ही पस्तीसच्या पस्तीस कुंड्यांना दिलं. न दिलेली एकही कुंडी शिल्लक नाही. मग तुलना कशाशी करायची?

मी ॲग्रीचा माणूस आहे, नाशिक-निफाड पट्ट्यात टॉनिक, खतं, बायो प्रॉडक्ट यांच्या ट्रायल आणि डेमो प्लॉट टाकणं हेच माझं काम, म्हणजे शेतात हे बघण्यातच माझी बरीच वर्षं गेलीत. त्यावरून एक गोष्ट पक्की सांगतो, "हे प्रॉडक्ट काम करतं का" हा प्रश्नच अर्धवट आहे. खरा प्रश्न असा की न टाकता जे झालं असतं त्याच्यापेक्षा टाकून किती जास्त झालं, आणि ते जास्तीचं खर्चाच्या मानाने परवडतं का. दुकानदार पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याचं कोणी देत नाही.

आता जूनचंच बघा ना. माणूस टॉनिक कधी आणतो, तर झाड सगळ्यात वाईट दिसतं तेव्हा. मेमध्ये टेरेसचा स्लॅब तापलेला असतो, कुंडीतली मुळं अक्षरशः शिजतात, मिरची-टोमॅटोची फुलं 35 अंशाच्या वर गळायला लागतात, पानं दुपारी माना टाकतात. म्हणजे तिथून पुढे बरं होण्याशिवाय झाडाला दुसरा रस्ताच नसतो (मरणं सोडून). मग पंधरा दिवसांत पाऊस येतो, तापमान खाली येतं, हवेत ओल येते, बोअरच्या पाण्याने कुंडीत साचलेले क्षार धुऊन निघतात, आणि सगळं हिरवंगार होतं. त्या दिवसांत तुम्ही नुसतं साधं पाणी मंत्र म्हणून टाकलं असतं तरी रिझल्ट आला असता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. म्हणून जूनमध्ये सुरू केलेल्या कुठल्याही प्रॉडक्टचा रिझल्ट मी धरतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली नजर. बाटली आणल्यावर आपण रोज वर जातो, बघतो, वाळकी पानं काढतो, माती हलवतो, पाणी वेळेवर देतो. एरवी आठवड्यातून दोनदा जाणारा माणूस रोज जायला लागला तर झाड सुधारणारच की, त्याचं क्रेडिट बाटलीला जातं.

आता बाटलीत असतं काय ते बघू, कारण सगळं झूठ आहे असंही मी म्हणत नाहीये.

सीवीड म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क. परदेशी माल बहुतेक ॲस्कोफायलम नावाच्या उत्तर अटलांटिकमधल्या शेवाळाचा असतो, आणि आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस वाढवतात, त्याचा रस काढायचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने विकसित केलंय. यात संप्रेरकांसारखं काम करणारे घटक अगदी बारीक प्रमाणात असतात, आणि अभ्यासांमध्ये याचा फायदा जास्त करून झाड ताणात असताना दिसतो, म्हणजे उष्णता, पाण्याची ओढ, क्षार वगैरे. झाड मजेत असेल तर फरक बहुतेक वेळा इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. म्हणजे तुमच्या टेरेसवर एप्रिल-मेमध्ये त्याचा थोडा उपयोग होऊ शकतो, ऑगस्टमध्ये कशाला?

ह्युमिक ॲसिड म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातला घटक, त्याचं पण तसंच आहे. ज्या मातीत सेंद्रिय पदार्थच नाहीत तिथे काहीतरी फरक पडतो, पण तुमच्या कुंडीत तुम्हीच लिहिलंय तसं तिसरा हिस्सा गांडूळखत आहे, त्यात ह्युमिक आधीच भरपूर असतं.

पण खाऊ घालणं वेगळं आणि टॉनिक वेगळं, इथे जवळजवळ सगळ्यांचा गोंधळ होतो. थोडा हिशोब करू. समजा बाटलीवर नायट्रोजन 1 टक्का लिहिलाय. लिटरला दोन मिली म्हणजे एका लिटरमध्ये 0.02 ग्रॅम नायट्रोजन. दर आठवड्याला एका कुंडीला एक लिटर असं बारा आठवडे दिलं तर सगळं मिळून पाव ग्रॅमही होत नाही. आणि टोमॅटोच्या झाडाला एक किलो फळ द्यायला ढोबळमानाने अडीच ग्रॅम नायट्रोजन लागतो, तीन किलो टोमॅटो हवे असतील तर साडेसात ग्रॅम. म्हणजे झाड उपाशी असेल तर त्या बाटलीने त्याचं काही होणार नाही, तिथे शेणखत, पेंड नाहीतर 19:19:19 (नायट्रोजन, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) सारखं विद्राव्य खतच लागणार, आणि त्याच्या एक किलोच्या पुड्यात 190 ग्रॅम नायट्रोजन असतो. टॉनिकने पोट भरत नाही!

याचा उलटा प्रकारही होतो. काही 'बूस्टर'मध्ये गुपचूप युरिया किंवा 19:19:19 असतं, किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यं, आणि रिझल्ट त्याचा येतो. महाराष्ट्राच्या जमिनीत झिंक आणि लोहाची कमतरता बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे किटमध्ये सीवीड, अमिनो, ह्युमिक आणि मायक्रोन्यूट्रिएंट असे चार डबे दिले की प्लॉट सुधारतो आणि शेतकरी सीवीडचं नाव घेतो. चारांतल्या कुठल्या डब्याने काम केलं हे कळायला चारही वेगवेगळे वापरून बघावे लागतात, ते कोणाला नको असतं, विकणाऱ्याला तर अजिबातच नको असतं.

आणि एक धोक्याची गोष्ट, ही जरा नीट वाचा कारण तुमच्याकडे मिरची आहे. मिरचीला बोकड्या येतो, पानं वळतात, चुरडतात, ते बहुतेक फुलकिडे किंवा कोळी यांच्यामुळे, नाहीतर पांढऱ्या माशीने पसरवलेल्या व्हायरसमुळे. जे 'ऑरगॅनिक टॉनिक' मारल्यावर चार दिवसांत कोवळी पानं सरळ यायला लागतात त्याच्या आत कीटकनाशक असल्याची शंका घ्या. सीवीडने किडे मरत नाहीत. असे मिसळलेले माल बाजारात सापडतात, म्हणून तर बायोस्टिम्युलंटच्या (कायद्यात अशा वाढीच्या टॉनिकला हेच नाव आहे) नियमात कीटकनाशकाचा अंश किती चालेल याचीही मर्यादा घातलीय. शेतकऱ्याला निदान काढणीआधी किती दिवस थांबायचं ते माहीत असतं, तुम्ही मात्र संध्याकाळी फवारून सकाळी चटणीला मिरच्या तोडणार.

तसंच जिबरेलिक ॲसिडचं (जीए), हे झाडाची वाढ लांबवणारं संप्रेरक. आमच्याकडे द्राक्षात जीए सगळेच वापरतात, थॉमसन सीडलेसचे घड लांबवायला आणि मणी फुगवायला, आणि ते काम करतं, यात शंकाच नाही. पण ते कुठल्या अवस्थेत, किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), हे ठरलेलं असतं, एक ग्रॅम शंभर लिटरला म्हणजे 10 पीपीएम, चार दिवस इकडेतिकडे झालं तर मण्यांची वाट लागते. ते कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावं लागतं, टॉनिकच्या बाटलीत ते नसायलाच पाहिजे. तुमच्या कुंडीतल्या झाडाची पेरी अचानक लांब लांब झाली, शेंडा उंच पळाला, पानं फिकी पडली तर ती चांगली वाढ नाही, कोणीतरी आत जीए घातलंय असं मी समजेन.

वाढ दिसली म्हणजे फायदा झाला हेही खरं नाही. नायट्रोजन जास्त झालं की प्लॉटला मस्त काळोखी (गडद हिरवा रंग) येते, फोटो झकास येतो, आणि टोमॅटो पानांवरच जातो, फळ नाही. कोकणात हापूसला पॅक्लोब्युट्राझोल देतात ते तर पालवीची वाढ रोखणारं औषध आहे, वाढ रोखली म्हणून मोहोर येतो. तेव्हा तुम्हाला नक्की काय पाहिजे ते आधी ठरवा, फुलं, फळं की पानं, आणि मग तेच मोजा.

लेबलबद्दल थोडं. बायोस्टिम्युलंट 2021 पासून खत नियंत्रण आदेशात आले, त्याआधी यांना धड कायदाच नव्हता. मग बरीच वर्षं तात्पुरत्या नोंदणीवर विक्री चालली, ती मुदत जून 2025 मध्ये संपली. जुलै 2025 मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी स्वतःच सांगितलं की पूर्वी साधारण 30,000 बायोस्टिम्युलंट विनातपासणी विकले जात होते, गेल्या चार वर्षांतही 8,000 च्या आसपास होते, कडक तपासणीनंतर 650 च्या घरात आले. आकडे बघा म्हणजे कळेल आधी काय चाललं होतं. तुमच्या बाटलीवर घटक टक्क्यांत लिहिलेत का, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आहे का ते बघा. नुसतं 'शक्तिशाली वाढीसाठी' आणि फुलाचा फोटो असेल तर ठेवून द्या. पण नोंदणी आहे म्हणजे तुमच्या कुंडीत फरक पडेल असंही नाही हां, आत लिहिलंय ते आहे आणि कुठेतरी चाचणी झालीय एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या डेमो प्लॉटचं पण सांगून टाकतो. प्लॉट रोड-टच, म्हणजे रस्त्याला लागून पाहिजे, शेतकरी गावातला सगळ्यात चांगला पाहिजे, पाणी भरपूर पाहिजे, या अटी आधीच असतात. आधीचा फोटो दुपारी दोनला काढायचा, पानं मलूल असताना, आणि नंतरचा सकाळी साडेसातला, रात्री ठिबक चालू ठेवून. फोटो दोन्ही खरे असतात बरं का. शेजारच्या प्लॉटशी तुलना करायची तर शेजाऱ्याची लागवड बारा दिवस उशिराची असते हे बोर्डवर कोण लिहितं? म्हणून आधी-नंतरचे फोटो मी बघतच नाही, शेजारी-शेजारी, एकाच दिवशी, एकाच वेळी काढलेला फोटो असेल तर बघतो.

याउलट निफाडकडचा एक कांदावाला आहे, शिक्षण फार नाही, पण नवीन काहीही मारायचं असलं की मधले दोन वाफे सोडून देतो, त्यांना खुंटी ठोकतो, आणि काढणीला त्या वाफ्यांचा आणि शेजारच्या दोन वाफ्यांचा कांदा वेगळा तोलतो. डोळ्याने बघून तो कधीच बोलत नाही, "काटा काय म्हणतो ते बघू" म्हणतो. त्याच्याकडे कंपनीचे लोक जपून जातात :) इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क म्हणून गव्हाचं शेत आहे, तिथे 1843 पासून एक पट्टा काहीच खत न घालता ठेवलाय, आजपर्यंत. बाकीच्या पट्ट्यांना जे घालतात त्याची किंमत त्या उपाशी पट्ट्यामुळे कळते.

तुम्ही टेरेसवर हेच करू शकता, आणि फार कटकट नाही. सप्टेंबरमध्ये टोमॅटो किंवा मिरचीची दहा रोपं आणा, एकाच ट्रेमधली, एकाच वयाची. एकसारख्या दहा ग्रो बॅग, माती एकदम कालवून मग भरा, बॅगेगणिक वेगळी नको. आता रोपांच्या उंचीप्रमाणे जोड्या लावा, सगळ्यात मोठी दोन एकत्र, त्याखालची दोन एकत्र, अशा पाच जोड्या. प्रत्येक जोडीत औषध कोणाला हे नाणं उडवून ठरवा, स्वतः निवडू नका, कारण आपला हात नकळत चांगल्या रोपाकडे जातो. जोडीतल्या दोन्ही बॅग शेजारी ठेवा म्हणजे कठड्याची सावली, टाकीजवळची ओल दोघांना सारखी. एकाला औषधाचं पाणी तर दुसऱ्याला तेवढंच साधं पाणी, त्याच वेळी, हे विसरायचं नाही, नाहीतर पाण्याचाच फरक मोजाल. बाकी खत दोघांना सारखं.

जमलं तर अजून एक करा, पाणी मिस्टरांना घालू द्या आणि कुठल्या बॅगला काय ते त्यांनी तुम्हाला सांगायचं नाही, मोजायचं काम तुमचं. त्यांना बाटलीवर विश्वास नाही म्हणून पाणी त्यांनी घालायचं पण निकाल तुम्ही लावायचा, कोणाची तक्रार नको. मोजायचं म्हणजे प्रत्येक तोडणीला किचनच्या काट्यावर वजन आणि फळांची संख्या, वहीत. "टवटवीत वाटतंय" हे वहीत लिहायचं नाही.

शेवटी पाचही जोड्यांत औषधवालं झाड पुढे असेल तर नुसत्या योगायोगाने असं व्हायची शक्यता 32 मध्ये 1, मग मी म्हणेन काहीतरी आहे. पाचपैकी चार असतील तर खूश होऊ नका, चार किंवा त्याहून जास्त जोड्या योगायोगाने पुढे असायची शक्यता 32 मध्ये 6 आहे, म्हणजे जवळजवळ पाचात एक. तीन-दोन असेल तर काहीच कळलं नाही असं समजायचं. आणि दोनच कुंड्या घेऊन ट्रायल करणाऱ्यांना तर नाणं उडवण्याइतकंच कळतं. पाचही जोड्या पुढे आल्या तरी मग वजनात फरक किती ते बघा, अख्ख्या सीझनला झाडामागे शंभर ग्रॅम टोमॅटो जास्त आले असतील तर साडेचारशेची बाटली काय कामाची.

हे सगळं घरगुती गोष्टींनाही लागू आहे, केळीच्या सालींचं पाणी, तांदळाचं पाणी, ताक, सगळ्याला. घरचं आहे, फुकट आहे म्हणून सूट नाही. जीवामृताची मात्र गंमत आहे. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांनी प्रसिद्ध केलेली कृती म्हणजे 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटरपर्यंत गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती. ते स्वतः त्याला खत म्हणत नाहीत, जिवाणूंचं विरजण म्हणतात. माझ्या ढोबळ हिशोबाने त्या पिंपात सगळा मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन असेल, त्यात बेसनाचा वाटा शेणापेक्षा कमी नाही, उलट जास्तच निघेल. एकराला दोनशे ग्रॅम म्हणजे किस झाड की पत्ती, पण कुंडीत तेच लिटरभर ओतलं तर ग्रॅमभर नायट्रोजन गेला, म्हणजे ते चक्क खत झालं. त्यामुळे कुंडीत जीवामृताचा रिझल्ट दिसतो यात मला नवल वाटत नाही, फक्त ते जिवाणूंमुळे की बेसन-गोमूत्रामुळे, हे त्यावरून कळत नाही.

आणि काही प्रॉडक्टना मी डोळे झाकून पैसे देतो, अगदीच नकारात्मक वाटायला नको म्हणून सांगतो. गुलाब, बोगनवेलीच्या छाट्या लावायच्या तर आयबीएची (मुळं फुटायला लावणारं संप्रेरक) रूटिंग पावडर खरंच कामाची आहे (मनी प्लांटला गरज नाही, तो नुसत्या पाण्यात मुळं सोडतो). नव्या कोकोपीटच्या मिश्रणात मायकोरायझा (मुळांशी जोडी जमवून अन्न पुरवणारी बुरशी) टाकला तर अर्थ आहे कारण त्यात ती बुरशी नसतेच, पण कोबी, फ्लॉवर, मोहरी आणि पालक यांच्या मुळांशी ती जुळतच नाही, तिथे टाकणं म्हणजे पैसे मातीत, आणि स्फुरद (फॉस्फरस) जास्त दिलं तर बाकी झाडांतही ती सुस्त होते. व्हिटॅमिन बी-वन रोप लावताना देतात ते सोडून द्या, प्रयोगशाळेत तोडलेल्या मुळांना ते लागतं, आख्खं झाड स्वतःच बनवतं.

तर कॅन आत्ता घेऊ नका. बाटलीत उरलंय तेवढं सप्टेंबरच्या ट्रायलला पुरेल, मात्र लेबलवर घटक लिहिलेले नसतील तर मिरची-टोमॅटोवर नको, जास्वंदीच्या दहा छोट्या कुंड्या करून त्यांवर बघा आणि फुलं मोजा.

आता मोगरा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात मॅग्नेशियम साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. ते कमी असेल तर खालची, जुनी पानं शिरांच्या मध्ये पिवळी पडतात. तुम्ही लिहिलंय की शेंड्याची कोवळी पानं पिवळी आहेत आणि शिरा हिरव्या आहेत, ते बहुतेक लोहाचं लक्षण आहे, बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही झाडाला मिळत नाही, आमच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं आहे. एप्समने तिथे काही होणार नाही. लिटरला दोन-तीन ग्रॅम फेरस सल्फेट, चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून, ताजं करून संध्याकाळी फवारा, आणि तेही पूर्ण झाडावर नाही. एकाच फांदीला दोरा बांधा, तेवढीच फांदी फवारा, बाकीच्या फांद्या कागदाने आडोसा करून कोरड्या ठेवा. आठ-दहा दिवसांत फक्त दोऱ्याच्या फांदीवरची कोवळी पानं हिरवी झाली तर लोहच कमी होतं, मग बाकी झाडावर मारा आणि मुळाशी चिलेटेड आयर्न (झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) द्या, माती फार अल्कधर्मी असेल तर ईडीडीएचए प्रकारचं मागा, ईडीटीए तिथे टिकत नाही. काहीच झालं नाही तर कुंडी उलटी करून मुळं बघा, कुजलीत का, कुंडीचं भोक बुजलंय का, मोगऱ्याचं पिवळेपण निम्म्या वेळा तिथेच सापडतं.